सर्व्हर कुणाचा, चावी कुणाकडे? लघुउद्योग, क्लाउड आणि बाहेरून घेतलेली आयटी सेवा

भोसरी, सातपूर, कुपवाड किंवा शिरोली, कोणत्याही एमआयडीसीत वीस-पंचवीस कामगारांच्या कारखान्याचं ऑफिस पाहिलं तर संगणकाची मांडणी साधारण सारखीच असते. अकाउंटंटच्या टेबलावरच्या मशीनमध्ये टॅली असते आणि त्यालाच सगळे ‘सर्व्हर’ म्हणतात. बाकीची दोन-तीन मशीन त्याला जोडलेली असतात. ड्रॉइंग्ज, कोटेशन आणि जुनी बिलं एका शेअर्ड फोल्डरमध्ये, बॅकअप ड्रॉवरमधल्या पेन ड्राइव्हवर. काही अडलं की गावातल्या कॉम्प्युटरवाल्याला फोन जातो. त्याचा वर्षाचा देखभाल-करार (एएमसी) ठरलेला असतो, तो संध्याकाळी येतो आणि काम सुरू करून देतो.

गेल्या दहाएक वर्षांत या मांडणीला पर्याय म्हणून दुसरी मांडणी उभी राहिली. हिशेब, ई-मेल, फाइली आणि बॅकअप भाड्याच्या सर्व्हरवर ठेवायचे आणि त्यांची देखभाल महिन्याच्या करारावर बाहेरच्या कंपनीकडे द्यायची. यातून छोट्या धंद्याचं भलं होतं का, यावर उद्योजक, सीए, आयटी सेवा विकणारे आणि अर्थतज्ज्ञ बरंच बोलले आहेत. खर्चाच्या प्रश्नाचं उत्तर आता बऱ्यापैकी हाती आहे, असं हे सगळं वाचून मला वाटतं. जबाबदारीचा प्रश्न मात्र अजून उघडाच आहे, आणि छोट्या उद्योजकाला पुढे तोच जास्त अडवणार आहे.

इथवरचा प्रवास

संगणकाची ताकद विजेसारखी मोजून विकता येईल, ही कल्पना अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी १९६१ मध्येच मांडली होती. ती बाजारात उतरली २००६ मध्ये. त्या वर्षी ॲमेझॉनने साठवणीची आणि पाठोपाठ संगणनाची जागा तासाच्या आणि वापराच्या हिशेबाने भाड्याने द्यायला सुरुवात केली. मधल्या काळात, २००३ साली, निकोलस कार यांनी ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त असा युक्तिवाद केला की माहिती तंत्रज्ञान सगळ्यांनाच मिळू लागलं की त्याच्या मालकीतून कुणालाही वेगळा फायदा उरत नाही. पुढे २००८ च्या पुस्तकात त्यांनी विजेचा दाखला विस्ताराने दिला : कारखान्यांनी स्वतःची जनित्रं बंद करून ग्रिडची वीज घेतली, तसंच संगणकाचंही होईल. २०११ मध्ये अमेरिकेच्या प्रमाण संस्थेने क्लाउडची व्याख्या ठरवली. हवं तेव्हा स्वतःहून घेता येणं, नेटवरून कुठूनही वापरता येणं, अनेकांत वाटलेली साधनं, गरजेप्रमाणे झटपट वाढ-घट आणि मोजून आकारणी, अशी पाच लक्षणं तिने सांगितली.

महाराष्ट्रात ही गोष्ट प्रत्यक्ष पोहोचायला काही वर्षं गेली. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई इथे आपली डेटा केंद्रं सुरू केली, ॲमेझॉनचं मुंबईतलं केंद्र २०१६ चं, गुगलचं २०१७ चं. नाशिकची ईएसडीएस ही कंपनी त्याच्या आधीपासून हा धंदा करत होती. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला. तरीही छोट्या धंद्याला नेटवर ओढून आणण्याचं मोठं काम सरकारच्या कर-व्यवस्थेने केलं, असं माझं मत आहे.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला. मासिक विवरण भरणाऱ्यांना विक्रीच्या विवरणासाठी पुढे ११ तारीख आणि करासाठी २० तारीख ठरली. एप्रिल २०१८ पासून परराज्यात माल पाठवायला ई-वे बिल लागू लागलं. ई-इन्व्हॉइसची सक्ती ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना होती. ती टप्प्याटप्प्याने खाली येत ऑगस्ट २०२३ मध्ये ५ कोटींवर आली. म्हणजे ज्या फाउंड्रीच्या मालकाने क्लाउड हा शब्दही वापरला नव्हता, त्याचं बिलसुद्धा आधी सरकारी पोर्टलवर नोंदलं जाऊ लागलं आणि तिथून क्रमांक व क्यूआर कोड मिळाल्यावरच गिऱ्हाईकाला चालू लागलं. १० तारखेला टॅलीचं मशीन बसलं तर पूर्वी हिशेब दोन दिवस उशिरा व्हायचा, आता विलंब शुल्क बसतं आणि गिऱ्हाईकाचं इनपुट क्रेडिट अडकतं. त्यात २०२० चा लॉकडाउन आला. कुलूपबंद ऑफिसातल्या मशीनमध्ये येणी-देणी अडकून पडली तेव्हा, माहिती एकाच खोलीत असण्याची किंमत अनेकांना पहिल्यांदा कळली.

बाजूने काय सांगितलं जातं

क्लाउडच्या बाजूचा पहिला मुद्दा भांडवलाचा आहे. स्वतःचा सर्व्हर घ्यायचा तर यंत्र, यूपीएस, थंड खोली, लायसन्स आणि ते सांभाळणारा माणूस हे सगळं एकदम लागतं. भाड्याने घेतलं तर पैसे हळूहळू जातात आणि धंदा मंदावला तर वापर कमी करता येतो. हंगामी धंद्याला याचा खरा उपयोग होतो. देवगड-रत्नागिरीचा हापूस ऑनलाइन विकणाऱ्याला मार्च ते जून दहा जणांची ऑर्डर-यंत्रणा लागते, बाकीचे आठ महिने दोघांची पुरते. तासगावचा बेदाणा व्यापारी, दिवाळीपूर्वी राबणारा फराळ उद्योग, लग्नसराईतला केटरर यांचं गणितही असंच आहे.

दुसरा मुद्दा ठिकाणांचा. कारखाना शिरोलीत, शोरूम कोल्हापुरात, सीए पुण्यात आणि मालक दौऱ्यावर असेल, तर एकच हिशेब सगळ्यांना एकाच वेळी दिसणं ही सोय पेन ड्राइव्ह देऊ शकत नाही. तिसरा मुद्दा सुरक्षेचा. चोवीस तास पहारा देणारी माणसं, दुसऱ्या शहरात ठेवलेली प्रत, वेळच्या वेळी होणारी सॉफ्टवेअरची दुरुस्ती, हे तीस माणसांच्या कारखान्याला स्वतःच्या बळावर जमत नाही. फाउंड्रीतली धूळ आणि उष्णता सोसत अकाउंट्सच्या खोलीत पडलेलं मशीन जास्त सुरक्षित असतं, हा समज तपासून पाहिला तर टिकत नाही.

अर्थतज्ज्ञांचं कामही या बाजूला बळ देतं. ब्रिटनमध्ये वेगवान फायबर कुठे कधी पोहोचलं याचा आधार घेऊन डीस्टेफानो, नेलर आणि टिमिस यांनी क्लाउडचा परिणाम मोजला. तरुण कंपन्या क्लाउडमुळे आकाराने आणि उत्पादकतेने वाढल्या, जुन्या कंपन्यांमध्ये मुख्यतः काम कुठे बसतं याची फेरमांडणी झाली, असं त्यांना आढळलं. अमेरिकी कारखान्यांच्या जनगणना-नोंदींवर काम करणाऱ्या वांग जिन आणि क्रिस्टिना मॅकएल्हेरन यांना दिसलं की कोवळ्या उद्योगांना विकत घेतलेल्या आयटी सेवेचा फायदा होतो, स्वतःच्या संगणक-भांडवलाचा तितका होत नाही. नव्या धंद्याला आपली गरज किती हेच अजून कळलेलं नसतं, म्हणून भाड्याची लवचिकता त्याच्या कामी येते. हे निष्कर्ष इचलकरंजीच्या तिसऱ्या पिढीच्या यंत्रमागधारकाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, कारण ‘जुन्या’ उद्योगांचं चित्र त्याच अभ्यासांत वेगळं आहे.

शंका घेणारे काय म्हणतात

शंकेखोरांचं म्हणणं आकड्यापासून सुरू होतं. समजा माणशी महिन्याला ५०० रुपये आणि दहा माणसं, तर पाच वर्षांत तीन लाख रुपये गेले आणि हातात मालकीचं काहीच राहिलं नाही. भोसरीतल्या जॉबवर्क करणाऱ्या शॉपमध्ये वर्षभर तेच आठ जण तेच काम करतात. तिथे वाढ-घटीची सोय विकत घेऊन ती वापरलीच जात नाही. त्यात मोठ्या गिऱ्हाईकाचं पेमेंट तीन महिन्यांनी येतं, वर्गणी मात्र महिन्याच्या महिन्याला जाते. हाच आक्षेप बड्या पातळीवरही घेतला गेला. ३७सिग्नल्स या अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनीने २०२२ मध्ये क्लाउड सोडायचं जाहीर केलं. त्या एका वर्षात तिचा क्लाउडवरचा खर्च ३२ लाख डॉलर होता आणि स्वतःची यंत्रं घेणं स्वस्त पडेल असा तिचा हिशेब होता. अर्थात तिच्याकडे यंत्रं सांभाळणारी तज्ज्ञ माणसं आधीपासून पगारावर होती. कुपवाडच्या कारखान्याकडे ती नसतात, म्हणून या उदाहरणाने जे सिद्ध होतं त्याला मर्यादा आहे.

कामाच्या स्वरूपाचा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. हिशेब, ई-मेल आणि कागदपत्रं हलकी असतात. मोठ्या असेंब्लीची कॅड फाइल, सीएनसी मशीनला थेट जाणारा प्रोग्रॅम किंवा वजनकाट्याला जोडलेली नोंद नेटवर टांगून ठेवता येत नाही. रस्ता खोदताना जेसीबीने केबल तोडली की ऑफिसातलं काम थांबतं, एवढं सोसता येतं. त्याच वेळी मशीनही थांबणार असेल तर मांडणी चुकली. त्यामुळे अनुभवी माणसं आज मिश्र रचनेचा सल्ला देतात : शॉप फ्लोअर जागेवर, हिशेब आणि बॅकअप बाहेर. या सल्ल्यावर आता फारसा वाद राहिलेला नाही.

उरतो परावलंबनाचा आक्षेप. इथे कार यांच्या विजेच्या दाखल्याकडे परत पाहायला हवं. विजेचं एक युनिट कुणाकडूनही घेतलं तरी सारखंच असतं, आणि महावितरणकडे आपली कोणतीही आठवण साठवलेली नसते. क्लाउडवाल्याकडे आपले दहा वर्षांचे व्यवहार, गिऱ्हाईकांची यादी आणि दर असतात. पुरवठादार बदलायचा तर हे सगळं उचलून न्यावं लागतं. युरोपीय संघाच्या डेटा कायद्यात यासाठीच तरतूद आहे. तो सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला आणि जानेवारी २०२७ पासून पुरवठादार बदलण्याचं शुल्क घेता येणार नाही. त्याच्या आधीच, २०२४ मध्ये, तिन्ही मोठ्या अमेरिकी कंपन्यांनी कायमचं सोडून जाणाऱ्यांचं डेटा नेण्याचं शुल्क माफ केलं. शुल्क गेलं, तरी एका सॉफ्टवेअरमधला हिशेब दुसऱ्यात नीट बसवण्याचं काम तसंच राहतं.

परावलंबनाचं ठसठशीत उदाहरण भारतातलंच आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जी या तेल कंपनीच्या सेवा थांबवल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत सेवा परत सुरू झाल्या. पैसे भरलेले होते, करार चालू होता. नायरासारखी कंपनी दुसऱ्या दिवशी वकील उभा करू शकते. लघुउद्योजकाचं खातं एखाद्या स्वयंचलित नियमाने गोठलं तर त्याला दाद कुठे मागायची हेसुद्धा ठाऊक नसतं.

आणि क्लाउड म्हणजे आपोआप बॅकअप, असंही समजू नये. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच कंपनीचं डेटा केंद्र जळालं, तेव्हा ज्यांनी दुसरीकडे प्रत ठेवली नव्हती अशा अनेक ग्राहकांची माहिती कायमची गेली. सेवा चालू ठेवणं पुरवठादाराचं काम, पण माहितीची दुसरी प्रत, पासवर्ड आणि कुणाला काय दिसावं हे ग्राहकाचं काम, अशी वाटणी बहुतेक करारांत असते. विकणारा माणूस ती ठळकपणे सांगत नाही.

बाहेरचा आयटीवाला

क्लाउडवर भरपूर लिहिलं गेलं आहे. त्याची देखभाल करणाऱ्या बाहेरच्या माणसावर फार कमी, आणि छोट्या धंद्याचं नशीब त्याच्यावरच जास्त अवलंबून असतं.

जुन्या एएमसीत बिघाड झाला की दुरुस्ती, एवढंच नातं होतं. त्याला कमी लेखण्याचं कारण नाही. गावातला कॉम्प्युटरवाला भाषेचा आणि ओळखीचा असतो, अकाउंटंटची अडचण दोन वाक्यांत समजतो, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी येऊन नेटवर्क बदलून देतो. क्विक हील या अँटीव्हायरस कंपनीचा उगम पुण्यातल्या अशाच एका दुरुस्तीच्या दुकानात आहे. पण या नात्यात त्याचं काम बिघाडाशी बांधलेलं असतं. नवी पद्धत मासिक शुल्काची आहे : दुरून नजर ठेवणं, दुरुस्त्या वेळेवर बसवणं, बॅकअप खरंच परत चढतो का ते तपासणं. मशीन चालू राहण्यात दोघांचाही फायदा, म्हणून तत्त्वतः ही पद्धत चांगली. वीस माणसांच्या कारखान्याला पूर्णवेळ आयटी अधिकारी परवडत नाही. एका अनुभवी माणसाचा वेळ पंधरा कारखान्यांत वाटला गेला तर सगळ्यांनाच परवडतो.

धोकाही याच वाटणीतून येतो. पंधरा कारखान्यांच्या चाव्या एका हातात असतात. जुलै २०२१ मध्ये कसेया कंपनीचं सॉफ्टवेअर फोडून हल्लेखोर आधी आयटी सेवा देणाऱ्या काही डझन कंपन्यांत आणि त्यांच्यामार्गे जवळपास १,५०० छोट्या व्यवसायांत शिरले. स्वीडनमधल्या कूप साखळीच्या सुमारे ८०० दुकानांचे गल्ले बंद पडले. त्या दुकानांनी कसेयाकडून काहीच घेतलं नव्हतं, ते सॉफ्टवेअर त्यांच्या सेवापुरवठादारांच्या साखळीतून आलं होतं. भारतात जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज या बँकांना तंत्रसेवा देणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. राष्ट्रीय देयक महामंडळाने (एनपीसीआय) ३१ जुलैला तिला जाळ्यातून वेगळं केलं आणि सुमारे ३०० छोट्या सहकारी व ग्रामीण बँकांच्या ग्राहकांचे यूपीआयसारखे व्यवहार त्या काळात थांबले. पुढच्याच दिवशी जोडणी परत झाली, हे व्यवस्थेचं यशही आहे. तरी बँकेवर हल्ला झालेला नसताना बँक थांबली, हे विसरता येत नाही.

आपल्याकडच्या अडचणी बऱ्याचदा याहून साध्या असतात. कंपनीच्या वेबसाइटचं डोमेन आयटीवाल्याने स्वतःच्या नावावर घेतलेलं असतं. ई-मेलचा मुख्य ॲडमिन पासवर्ड फक्त त्याच्याकडे असतो. ओटीपी त्याच्या मोबाइलवर जातो. दुरून मशीन चालवायची एनीडेस्कची जोडणी कायम उघडी असते. टॅली क्लाउडवर म्हणून जे विकलं जातं ते कुणाच्या सर्व्हरवर आहे, लायसन्स खरं आहे का, प्रत कुठे आहे, हे विचारलेलंच नसतं. आयटीवाला बदलायची वेळ आली की हे सगळं एकदम समोर येतं. सल्ला देणारा, लायसन्स विकणारा आणि देखभाल करणारा एकच असेल तर त्याचा सल्ला कमिशनच्या बाजूला झुकण्याची शक्यताही धरायला हवी. मे २०२२ मध्ये अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि न्यूझीलंडच्या सायबर सुरक्षा संस्थांनी मिळून अशा सेवादारांबद्दल सूचना काढली. कुणाची जबाबदारी कुठे संपते हे करारात स्पष्ट असावं, सेवादाराला लागेल तेवढाच प्रवेश द्यावा, आणि काम संपलेली खाती बंद करावीत, असा तिचा रोख आहे. आपल्याकडच्या एएमसीच्या एका पानाच्या कागदावर यातलं क्वचितच काही असतं.

कायदा कुठवर आला

कायद्याने २०२२ पासून मोजकी पण ठोस पावलं टाकली. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात. कंपनी कायद्याखालच्या नियमांप्रमाणे हिशेबाचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर हवा, आणि एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची पुसता न येणारी नोंद हवी. हे प्रायव्हेट लिमिटेडला लागू आहे, प्रोप्रायटरी धंद्याला नाही. जीएसटीखाली मात्र वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून ७२ महिने हिशेब जपणं सगळ्यांनाच बंधनकारक आहे.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने जबाबदारीची रेघ स्पष्ट ओढली. ग्राहकांची माहिती बाहेरच्या सेवादाराला हाताळायला दिली तरी उत्तरदायित्व माहिती गोळा करणाऱ्या धंद्याचंच राहतं. सुरक्षेत कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांना १८ महिन्यांची मुदत मिळाली. छोट्या आस्थापनांच्या काही वर्गांना सूट देण्याचा अधिकार सरकारकडे आहे. तो कसा वापरला जातो यावर पुष्कळ अवलंबून राहील.

जे सुटलेलं नाही

पहिला प्रश्न बाहेर पडण्याचा. हिशेब ७२ महिने जपायचा आहे आणि वर्गणी बारा महिन्यांची आहे. वर्गणी थांबवली, किंवा छोटा सेवादार दुकान बंद करून गेला, तर चौथ्या वर्षी आलेल्या नोटिशीला उत्तर द्यायला जुनी नोंद कुठून आणायची? दर महिन्याला सगळा डेटा साध्या, कुठेही उघडणाऱ्या स्वरूपात उतरवून स्वतःकडे ठेवणं, हा आज हाती असलेला एकमेव भरवशाचा उपाय दिसतो. तो क्लाउडवाल्याच्या आणि आयटीवाल्याच्या करारात लिहून घ्यायला हवा. डोमेन आणि मुख्य पासवर्ड मालकाच्या नावावर असणं हीसुद्धा त्याच करारातली बाब आहे, आणि त्यासाठी पैसे लागत नाहीत.

दुसरा प्रश्न सहा तासांचा आणि २५० कोटींचा. हल्ला झाल्याचं आधी आयटीवाल्याला कळणार, कळवायची जबाबदारी उद्योजकाची. आयटीवाल्याने लपवलं तर? आणि दंड झाला तर तो महिन्याला काही हजार रुपये घेणाऱ्या सेवादाराकडून वसूल होईल का? बहुतेक करारांत नुकसानभरपाई भरलेल्या शुल्काइतकीच मर्यादित असते.

तिसरा प्रश्न ‘लघु’ कुणाला म्हणायचं हा. एप्रिल २०२५ पासूनच्या व्याख्येत १० कोटींपर्यंत उलाढालीचा धंदा सूक्ष्म आणि १०० कोटींपर्यंतचा लघु ठरतो. ९० कोटींच्या कारखान्याला लागू पडणारा सल्ला दोन कोटींच्या मसाला उद्योगाला दिला तर तो निष्फळ जातो, तरी धोरणाच्या आणि विक्रीच्या भाषेत दोघे एकाच रांगेत उभे असतात.

आणि चौथा, मला सगळ्यात अवघड वाटणारा : बाहेरच्या आयटीवाल्याची पात्रता कोण ठरवणार? हिशेब तपासायला सीए लागतो, कारखान्याच्या वीजजोडणीला परवानाधारक ठेकेदार लागतो, पण त्याच कारखान्याच्या सगळ्या माहितीच्या चाव्या सांभाळणाऱ्याला कसलाच परवाना लागत नाही. सक्ती केली तर तालुक्याच्या गावातला प्रामाणिक कॉम्प्युटरवाला त्या ओझ्याखाली धंद्यातून उठेल आणि लघुउद्योग मोठ्या शहरातल्या कॉल सेंटरच्या हवाली होईल, ही भीती खोटी नाही. सक्ती नसेल तर आजची स्थिती चालू राहील. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२५ मध्ये संसदेत आलेल्या सायबर विधेयकाने आयटी सेवादारांना पहिल्यांदा नियमनाखाली आणायचं ठरवलं, पण मध्यम आणि मोठ्या सेवादारांनाच. दोन-चार माणसांच्या ज्या फर्म तिथल्या छोट्या दुकानांची आणि कार्यशाळांची देखभाल करतात, त्या त्याच्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत.